कॅमेलियाखालची माती

बदलीचा हुकूम आला त्या दिवशी शरयू मागच्या अंगणात वाळूच्या खोक्यासमोर उकिडवी बसली होती. मी कागद हातात घेऊन तिच्यामागे जाऊन उभा राहिलो.

"मिरजेला झाली," मी म्हटलं. "पंधरा मार्चच्या आत हजर व्हायचं आहे."

ती वळली नाही. खोक्यातली एक काडी तिने दोन बोटांत धरली आणि हळूच वर ओढून पाहिली. काडी जागची हलली नाही.

"अकरा," ती म्हणाली. "विसातल्या अकरांनी मूळ धरलंय. सगळी रोपं नेता येतील का हो?"

"मिरजेला कॅमेलिया?"

"का?"

"अगं, एप्रिल-मेमध्ये काय ऊन असतं तिथं. हे थंडीतलं झाड."

"मिरज कशी आहे ते मला माहीत आहे. माझा जन्म तिथला आहे." मग जरा थांबून म्हणाली, "डबे लागतील. डालड्याचे रिकामे डबे बघा बाजारात कुणाकडे असले तर. खाली भोकं पाडून द्या मला."

मी बरं म्हटलं आणि आत गेलो. त्या दिवसांत आमचं बोलणं एवढंच असायचं. डबे, रॉकेल, तांदूळ, पत्र आलं का.

ही फेब्रुवारी १९७५ मधली गोष्ट. मी टेलिफोन खात्यात ज्युनियर इंजिनियर होतो आणि दोन वर्षांपूर्वी माझी नेमणूक कालिम्पाँगला झाली होती. खात्याने गावाबाहेर एका जुन्या पत्र्याच्या बंगल्याचा अर्धा भाग आम्हाला दिला होता. मागे डोंगराचा उतार, त्यावर दगडी बांध घालून केलेल्या तीन पायऱ्या. सगळ्यात वरच्या पायरीवर कॅमेलियाचं एक झाड होतं, दोन पुरुष उंचीचं. कुणी लावलं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. डिसेंबरात फुलायला लागायचं ते मार्चपर्यंत. गुलाबी फूल, पाकळीवर पाकळी इतकी नीट बसवलेली की कागदाचं वाटावं. पहिल्या वर्षी शरयूने एक फूल तोडून नाकाशी धरलं होतं आणि हिरमुसली होती. "वासच नाही हो. देवाला तरी कसं वाहायचं?" तरी दुसऱ्या दिवसापासून देवापुढे तेच फूल असायचं.

बंगल्याबरोबर माळीही आला होता. साठीचा, बुटका, पायात कायम रबरी बूट. त्याला सगळे साइला म्हणायचे. साइला म्हणजे तिसरा मुलगा. खरं नाव मी दोन वर्षांत विचारलं नाही. आम्ही त्याला दाजू, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचो आणि तो शरयूला बहिनी म्हणायचा. नेपाळीत बहिनी म्हणजे धाकटी बहीण, पण शरयूला सुरुवातीला ते वहिनीच ऐकू यायचं आणि त्यात तिला काही वावगंही वाटलं नव्हतं. तो नेपाळी मिसळलेलं हिंदी बोलायचा, आम्ही मराठी मिसळलेलं. आज आठवताना सगळं मराठीतच ऐकू येतं.

आदल्या वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये, शरयूला नववा लागला होता. पहिलं बाळंतपण, ती माहेरी जाणार हे ठरलेलं होतं. तिकिटंही काढली होती. पण जुलैत तिस्तेच्या रस्त्यावर दरड कोसळली, ती काढतायत तोवर दुसरी कोसळली, आणि मग डॉक्टरच म्हणाले की आता या अवस्थेत जीपचे धक्के नकोत. तिच्या आईलाही येता येईना. गावातल्या लहानशा इस्पितळात ती बाळंत झाली. बाळ रडलं नाही.

व्हरांड्यात एक नर्स माझ्याकडे आली. तिच्या हातात टॉवेलाचं गाठोडं होतं.

"बाईंना दाखवू नका," ती म्हणाली. "त्यांनी बघितलं तर त्यांना विसरायला जड जाईल. तुम्ही दोघं अजून तरुण आहात."

पुढचं जे करायचं ते मी केलं.

शरयू आठ दिवसांनी घरी आली. तिने काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. मला वाटलं, विचारत नाही म्हणजे तिला ऐकायचं नाही. मी दुसऱ्या दिवसापासून कामावर गेलो. दरडींनी टेलिफोनचे खांब जागोजाग पाडले होते, काम पुष्कळ होतं. मला भूक लागायची. झोपही लागायची, आणि त्याचंच मला नवल वाटायचं. कुणी सांत्वनाला आलं की मी त्यांना चहा करून द्यायचो आणि रस्त्याचं काम कुठवर आलं ते सांगायचो. आपल्याला काही झालंय असं मला वाटतच नव्हतं. काहीच वाटत नव्हतं.

शरयू दिवसभर मागच्या दारात पाट टाकून बसायची. सप्टेंबरात एका सकाळी पाऊस उघडला होता आणि साइला वरच्या पायरीवर कात्री घेऊन त्या झाडापाशी काहीतरी करत होता. ती आपण होऊन उठली आणि पायऱ्या चढून गेली. मी खिडकीत दाढी करत होतो. माझा हात थांबला.

"काय करताय दाजू?" तिने विचारलं. महिनाभरात कुणाशी आपण होऊन बोललेलं ते पहिलं वाक्य.

"रोपं, बहिनी. हाच महिना बरा. कोवळा फुटवा आता जून झाला. बघ, फांदी वाकवली तर मोडत नाही आणि लोळतही नाही. अशीच घ्यायची."

त्याने तिला वीतभराची फांदी दाखवली. खालची पानं काढून टाकायची, वर दोनच ठेवायची, तीही अर्धी कापून. डोळ्याच्या खाली तिरका काप घ्यायचा. बुडाजवळची साल एका बाजूने नखभर खरवडायची, मुळं तिथूनच फुटतात. मग रेल्ली नदीची वाळू आणि कुजलेला पाला एकत्र करून त्यात खोचायची. पाणी रोज, पण चिखल होऊ द्यायचा नाही. ऊन लागू द्यायचं नाही.

"किती दिवसांनी मूळ धरतं?"

"दोन महिने, तीन महिने. एखादी सहा महिनेसुद्धा घेते. वरून पान हिरवं असतं आणि खाली काहीच नसतं, असंही होतं. उपटून बघायचं नाही. नुसतं जरासं ओढायचं. धरलं असेल तर ती सोडत नाही."

त्या दिवशी तिने वीस काड्या स्वतः खोचल्या. नंतर रोज ती त्या खोक्यापाशी असायची. थंडी पडल्यावर खोक्यावर गोणपाट घालायची, सकाळी काढायची. डिसेंबरात झाड फुललं तेव्हा चहाचा कप घेऊन वर जाऊन झाडाखाली बसायला लागली. कॅमेलियाची फुलं पाकळी पाकळी गळत नाहीत, अख्खं फूल खाली पडतं. ती पडलेली फुलं वेचून ओच्यात घेऊन यायची. शेजारच्या प्रधानबाई म्हणाल्या, "या वर्षी काय फुललंय हो तुमचं झाड! आजवर असं बघितलं नव्हतं." मी त्यांना हो म्हटलं आणि घरात निघून गेलो.

मग बदलीचा हुकूम आला.

त्यानंतरच्या रविवारी मी मागच्या अंगणात डब्यांना खिळ्याने भोकं पाडत बसलो होतो. अकरा डबे जमले होते. साइला बाजाराला गेला होता. आदल्या दिवशी त्याने शरयूला सांगितलं होतं की डब्यांत भरताना जुन्या झाडाखालची माती मिसळावी, नव्या मुळांना ती लवकर मानवते. "माती मी आणून देईन," असंही तो म्हणाला होता. मी ते ऐकलं होतं आणि निर्धास्त होतो.

हातोडीच्या आवाजात मला आधी कळलं नाही. मी डबा बदलायला थांबलो तेव्हा वरून कुदळीचा आवाज आला.

मी वर बघितलं. शरयूने पदर खोचला होता. झाडाखालची फुलं तिने हाताने बाजूला सारून ठेवली होती आणि खोडापासून दोन हातांवर, जिथे पाच-सहा दगड गोल मांडलेले होते, त्यांतले दोन दगड काढून ती खणत होती.

मी पायऱ्या कशा चढलो ते आठवत नाही. "तिथं नको!" असं मी ओरडलो होतो, आणि तो आवाज मला माझा वाटला नाही.

तिने कुदळ खाली आणली नाही. तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. "काय झालं?"

"दुसरीकडून घे माती. तिकडून घे, बांधाजवळून."

"दाजू म्हणाले झाडाखालचीच..."

"तिथं खणू नकोस."

मी जाऊन कुदळीचा दांडा धरला. माझ्या हातात अजून हातोडी होती. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, मग खाली त्या दगडांकडे. बराच वेळ दगडांकडे.

"इथं आहे?" ती म्हणाली.

"हो."

तिने कुदळ सोडली. ती माझ्याच हातात राहिली. शरयू खाली बसली, ओल्या मातीवरच. मी उभा होतो. एक फूल फांदीवरून सुटून तिच्या मागे पडलं, त्याचा आवाज झाला.

"कुणी खणलं?"

"साइलाने. मी माती ओढली."

"इथंच का?"

"खाली ओढ्याकाठी पुरतात, ती वाट वाहून गेली होती. पाऊस थांबत नव्हता. साइला म्हणाला इथं कुणी पाय देणार नाही."

"किती खोल?"

"कमरेइतकं."

"डोकं कुठल्या बाजूला?"

मी कुदळीने दाखवलं. "डोंगराच्या."

"कशात गुंडाळलं होतं?"

"दवाखान्याचा टॉवेल होता. वरून माझा मफलर."

"निळा?"

"हो."

"तो हरवला म्हणाला होता तुम्ही."

तिने काढलेले दोन दगड उचलले आणि होते तसे परत ठेवले. एक नीट बसेना, तो फिरवून फिरवून बसवला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मुलगा होता की मुलगी?"

सहा महिने झाले होते. हे तिला माहीत नाही, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मला वाटलं होतं नर्सने सांगितलं असेल, किंवा तिला आपोआप कळलं असेल. काय वाटलं होतं तेही खरं सांगता येणार नाही.

"मुलगी," मी म्हटलं.

"मुलगी," ती म्हणाली. "आणि कशी होती दिसायला?"

मी कुदळीचं पातं मातीवर टेकवलं.

"अहो, मी विचारतेय. कुणासारखी होती?"

"मी पाहिलं नाही."

"म्हणजे?"

"टॉवेल उघडला नाही मी. नर्सने हातात दिलं, मुलगी होती म्हणाली. मी छत्री घेतली आणि निघालो. इथपर्यंत चालत आलो. इथं आल्यावर साइलाने माझ्या हातून घेतलं. त्याने टॉवेल बाजूला केला, तेव्हा मी तोंड फिरवून उभा राहिलो."

"का?"

"माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. तिने मग जे बोलायचं ते बोलून घेतलं, आवाज न चढवता. "मी रोज इथं बसले. इथं चहा प्यायले. फुलं वेचली. तुम्ही त्या खिडकीत उभे राहून बघत होता."

"हो."

"आणि आता आपण सामान बांधून मिरजेला जायचं होतं. मला न सांगता."

"हो."

"कधीच सांगणार नव्हता?"

"नाही."

तिने मान हलवली. जणू दुकानात वस्तूचा भाव विचारला होता आणि तो कळला. मग म्हणाली, "दाजू येऊ देत."

आम्ही तिथेच थांबलो, ती बसलेली, मी उभा. अकरा वाजून गेले असतील. उन्हाने पत्रा तडतडायला लागला होता. शेवटी साइला पाठीवर टोपली घेऊन रस्त्यावरून वर येताना दिसला. त्याने खालूनच आमच्याकडे पाहिलं, माझ्या हातातली कुदळ पाहिली. टोपली व्हरांड्यात उतरवली आणि डोक्यावरची टोपी काढून हळूहळू पायऱ्या चढून आला.

"दाजू," शरयू म्हणाली, "तुम्ही पाहिलं होतं ना तिला?"

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"पाहिलं होतं, बहिनी."

"सांगा मला."

तो तिच्यासमोर मांडी घालून बसला. घाई केली नाही. त्याला हिंदी शब्द शोधावे लागत होते, आणि सापडला नाही की तो नेपाळी शब्द म्हणून हाताने दाखवायचा.

"केस खूप होते. काळे. ओले झाले होते, मी माझ्या रुमालाने पुसले. डोळे मिटलेले. झोपल्यासारखी होती, बहिनी, कुठे काही दुखापत नव्हती."

"रंग?"

"थंडीत पोरांचा होतो तसा. सावळा, निळसर."

"नाक?"

"एवढंसं. हनुवटी बाबूंची." त्याने बोटाने माझी हनुवटी दाखवली. "इथं मधे अशी खाच. आणि बोटं लांब. तुझी आहेत तशी. मूठ मिटलेली होती, मी एक बोट उघडून बघितलं, म्हणून कळलं."

शरयूने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "केवढी होती?"

साइलाने दोन्ही हात पुढे केले आणि मधे अंतर ठेवून धरले. शरयूनेही हात पुढे केले. "एवढी?"

"थोडी मोठी."

तिने हात आणखी लांब केले.

"हो," तो म्हणाला. "एवढी."

तिने हात खाली घेतले नाहीत. तशीच बसून राहिली, तळवे वर करून, मधल्या रिकाम्या जागेकडे बघत. मला तेव्हाही रडू आलं नाही, हे मी लपवत नाही. पण मी हातोडी आणि कुदळ खाली ठेवली आणि तिच्या शेजारी बसून तिच्या दोन हातांच्या मधे पाहिलं. या वेळी तोंड फिरवलं नाही.

नंतर ती रडली, खूप रडली. साइला उठून दूर बांधावर जाऊन बसला, विडी न पेटवता. मी तिथेच बसून होतो. तिने मला हात लावला नाही आणि उठून जायलाही सांगितलं नाही.

दुपारी साइलाने बांधाजवळची माती आणून डबे भरले. शरयूने अकरा रोपं एकेक करून वाळूतून सोडवली. पांढरी, दोऱ्यासारखी मुळं होती. ती वाळूसकट उचलून तिने डब्यांत लावली. मी पाणी आणून दिलं. निघायच्या दिवशी तिने साइलाला एवढंच सांगितलं, "तिथं कुणाला खणू देऊ नका." तो म्हणाला, "मी आहे तोवर नाही." त्याचं खरं नाव मी त्या दिवशी विचारलं. रणध्वज.

अकरा डबे आम्ही जीपमधून सिलिगुडीला, तिथून कलकत्त्याला, कल्याणला आणि पुढे मिरजेला नेले. तीन रोपं गाडीतच गेली. बाकीची शरयूने न्हाणीघराच्या मागे ओल्या गोणपाटाच्या आडोशाला ठेवली, दिवसातून चारदा पाणी शिंपडलं. मे संपेपर्यंत सात वाळली. एक पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकलं, फूल काही आलं नाही. ते गेलं तेव्हा मी घाबरत तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं ना मिरज कशी आहे ते," आणि डबा रिकामा करून धुऊन ठेवला.

आमच्यात सगळं सुरळीत झालं असं नाही. कधी जेवताना ती मधेच विचारायची, "त्या दिवशी छत्री कुठल्या हातात होती?" किंवा, "वाटेत कुणी भेटलं का?" मी आठवून आठवून सांगायचो. जे आठवत नव्हतं ते आठवत नाही म्हणून सांगायचो. काही रात्री ती माझ्याकडे पाठ करून झोपायची आणि मला त्याचं कारण विचारावं लागत नसे.

सत्त्याहत्तरच्या जूनमध्ये ती पुन्हा बाळंतपणासाठी इस्पितळात दाखल झाली. तिला आत नेलं आणि मला खिडकीपाशी कागद भरायला बोलावलं. खिडकीतला कारकून वयस्कर होता, शाईचा पेन वापरणारा. नाव, पत्ता, वय सगळं विचारून झालं.

"आधीची अपत्यं?"

"एक," मी म्हटलं. "मुलगी."

त्याने लिहिलं. "वय?"

"हयात नाही. जन्मतःच गेली."

"मग नाही हो धरायची ती, साहेब," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "हयात असलेलीच लिहायची." आणि खोडायला त्याने पेन टेकवला.

मी खिडकीतून हात घालून कागदावर तळवा ठेवला.

"राहू द्या ते."

"अहो, वर डॉक्टर विचारतील, हे काय म्हणून."

"विचारू देत," मी म्हटलं. "मी सांगेन."